जुन्या इंजिनावरील ऑइल फिल्टरच्या नळ्या आणि प्रेशर गेज : पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दोषांचे निवारण

लक्षणे

खालीलपैकी एक किंवा अधिक लक्षणे दिसत असतील, तर दोष बहुधा फिल्टरच्या नळ्यांमध्ये किंवा गेजच्या जोडणीत असतो.

– इंजिन थंड असताना दाब भरपूर दिसतो, पण ते पूर्ण तापल्यावर आयडलिंगला (गाडी उभी आणि इंजिन मंद गतीने चालू असताना) काटा जवळजवळ शून्यावर येतो. मात्र इंजिनाचा आवाज बिघडलेला नसतो.

– फिल्टरचा एलिमेंट (डब्यातील तेल गाळणारा भाग) नवा बसवला की दाब पडतो आणि एलिमेंट जुना होत जाईल तसतसा तो आपोआप वर चढतो.

– काटा सारखा थरथरतो, किंवा याच्या उलट, इंजिन सुरू होऊन बराच वेळ गेल्यावर आळसावून हलतो.

– गाडी अर्धा तास चालवूनही फिल्टरचा डबा गारच राहतो.

– डब्याच्या झाकणातून तेल झिरपते आणि गॅस्केट बदलूनही ते थांबत नाही.

– गेजची नळी दर वेळी त्याच टोकाशी, फ्लेअरच्या (नळीच्या पसरट केलेल्या तोंडाच्या) मुळाशी तडकते.

काटा शून्यावर आहे आणि इंजिनातून ठोक्यांचा आवाजही येतो आहे, अशी स्थिती असेल तर पुढील कोणतीही तपासणी इंजिन चालू ठेवून करू नये. इंजिन तत्काळ बंद करावे आणि थेट शेवटच्या भागाकडे वळावे.

आधी तेलाचा मार्ग समजून घ्यावा

जुन्या इंजिनांवर फिल्टर दोन पद्धतींनी जोडलेला आढळतो आणि या दोन पद्धतींची गल्लत हेच निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ असते. फुल-फ्लो पद्धतीत पंपाने उचललेले सर्व तेल आधी फिल्टरमधून जाते आणि मगच बेअरिंगांना मिळते. बायपास पद्धतीत पंपाचे तेल सरळ मुख्य ऑइल गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधील तेलाच्या मुख्य वाहिनीत जाते. त्यातील थोडासा हिस्सा, साधारण दहावा भाग, एका बारीक नळीने फिल्टरच्या डब्यात नेला जातो आणि गाळलेले तेल दुसऱ्या नळीने संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात परत सोडले जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असंख्य इंजिनांवर फिल्टर ही जोड-वस्तू म्हणून मिळत असे आणि ती बहुतेक याच दुसऱ्या पद्धतीची होती. फोर्डचे १९३२ ते १९५३ या काळातील फ्लॅटहेड व्ही-८, शेव्हरोलेचे सहा सिलिंडरांचे २१६ (घन इंचांचे) आणि विलिस जीपचे चार सिलिंडरांचे इंजिन ही त्याची परिचित उदाहरणे आहेत.

बायपास पद्धतीत संपकडे उघडणारी ही वाट खरे पाहता गॅलरीला मुद्दाम ठेवलेली गळती असते. ती मर्यादेत राहावी म्हणून वाटेत कोठेतरी एक अरुंद छिद्र, म्हणजे रेस्ट्रिक्टर असतो. त्याचा व्यास साधारणपणे अर्धा सूत, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर असतो. कधी तो ब्लॉकवरील एल्बोमध्ये (काटकोनी फिटिंगमध्ये) असतो, कधी डब्याच्या प्रवेशाशी, तर कधी डब्याच्या मधल्या उभ्या नळीत. बाहेरून पाहता साधे फिटिंग आणि रेस्ट्रिक्टर असलेले फिटिंग यांत काहीही फरक दिसत नाही, त्यामुळे गाडी हातोहाती फिरत असताना हा चिमुकला भाग कोणी तरी काढून साधे फिटिंग बसवतो आणि पुढच्या मालकाला दाब का टिकत नाही याचा उलगडा होत नाही. पाव इंची नळीचा आतील व्यास सुमारे ४.५ मिलिमीटर धरला, तर तिचे क्षेत्रफळ १.६ मिलिमीटरच्या छिद्राच्या जवळजवळ आठपट भरते. एवढी वाट मोकळी सोडल्यावर तापून पातळ झालेले तेल बेअरिंगांकडे न जाता फिल्टरमार्गे संपमध्ये निघून जाईल, हे उघड आहे.

गेजविषयी एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : गेज ज्या ठिकाणी जोडलेले असते, त्या ठिकाणचा दाब ते दाखवते. आपल्याला हवा असतो तो बेअरिंगांच्या बाजूचा दाब. म्हणून बायपास पद्धतीत गेजची जोडणी रेस्ट्रिक्टरच्या आधी, थेट गॅलरीवर हवी, आणि फुल-फ्लो पद्धतीत ती फिल्टरच्या नंतर हवी. हा नियम मोडलेली जोडणी कधी निरोगी इंजिनाला आजारी ठरवते, तर कधी त्याहून घातक म्हणजे मरणाऱ्या इंजिनाला निरोगी ठरवते.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

सर्वप्रथम गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक पाहावी. नवा फिल्टर बसवल्यावर रिकामा डबा आपल्या मापाइतके तेल संपमधून ओढून घेतो आणि हे तेल पुन्हा भरायचे अनेकदा राहून जाते. पातळी खाली गेली की पंपाच्या तोंडाशी मधूनच हवा शिरते आणि काटा थरथरू लागतो. विशेषतः वळणावर किंवा ब्रेक लावल्यावर काटा डुचमळत असेल, तर आधी संशय पातळीचाच घ्यावा.

त्यानंतर त्या इंजिनासाठी योग्य दाब किती, हे त्याच्या मूळ पुस्तिकेत पाहावे. मिनिटाला होणाऱ्या दर हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) हा ढोबळ नियम सर्वत्र ऐकू येतो आणि पूर्ण दाबाने तेल पुरवणाऱ्या इंजिनांसाठी तो बऱ्यापैकी चालतो, पण सर्वच जुनी इंजिने तशी नसतात. १९३७ ते १९५३ या काळातील शेव्हरोले २१६ मध्ये कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना तेल मुख्यतः रॉडच्या तळाशी असलेल्या डिपरमुळे (तेल उचलणाऱ्या चमच्यासारख्या भागामुळे) मिळते. तेथे चालू गाडीत सुमारे १४ पीएसआय हा आकडा निरोगी मानला जातो आणि मूळ गेजही ३० पर्यंतचेच असते. याच कंपनीच्या १९५४ पासूनच्या २३५ इंजिनात पूर्ण दाबाची व्यवस्था आहे. त्याला २१६ चे गेज लावले तर काटा टोकाला जाऊन टेकतो. फोर्डच्या मॉडेल ए मध्ये पंप तेल वर व्हॉल्व्हच्या कप्प्यात चढवतो आणि तेथून ते मुख्य बेअरिंगांकडे केवळ गुरुत्वाने उतरते, तर मॉडेल टी मध्ये तेलपंपच नाही. या दोहोंवर गेज लावून दाब शोधत बसणे व्यर्थ आहे. एककाकडेही पाहावे : १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, त्यामुळे बारमधील १ हा आकडा पीएसआयच्या सवयीने वाचला तर अकारण घाबरगुंडी उडते.

तेलाची जाडी आणि तापमान यांचाही येथेच विचार करावा. थंड तेलावर घेतलेला आकडा निदानासाठी निरुपयोगी असतो, कारण त्या वेळी बहुतेक इंजिनांत रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) उघडलेला असतो आणि गेज फक्त त्याच्या स्प्रिंगचा जोर दाखवत असते. इंजिन किमान वीस मिनिटे चालवून, तेल खऱ्या अर्थाने तापल्यावर आयडलिंगचा आकडा आणि मध्यम वेगाचा आकडा असे दोन्ही लिहून ठेवावेत. पुढील प्रत्येक तपासणीची तुलना याच दोन आकड्यांशी करायची आहे.

आता फिल्टरच्या डब्याला हात लावून पाहावा. तो भाजण्याइतका तापलेला असू शकतो, म्हणून आधी हात जवळ नेऊन अंदाज घ्यावा. डबा गार असेल, तर त्यातून तेल वाहत नाही. रेस्ट्रिक्टरमध्ये गाळ अडकणे, नळी दबणे, किंवा दोन ठिकाणी दोन रेस्ट्रिक्टर बसलेले असणे (एक ब्लॉकवर, एक डब्यात) ही त्याची नेहमीची कारणे आहेत. आणखी एक कारण थोडे विनोदी आहे, पण ते प्रत्यक्षात आढळते : परतीची नळी संपऐवजी गॅलरीच्याच दुसऱ्या भोकाला जोडलेली असते. दोन्ही टोकांशी सारखाच दाब असल्यावर तेल वाहणार तरी कोणत्या दिशेने? अशा गाडीत दाब उत्तम दिसतो आणि फिल्टर वर्षानुवर्षे शोभेपुरता लटकत राहतो.

गेज खरे बोलते आहे का

गेज यांत्रिक आहे की विजेवर चालणारे, हे आधी पाहावे. यांत्रिक गेजमध्ये बूर्दाँ नळी असते. यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली ही वाकडी, चपट्या छेदाची नळी दाब वाढला की सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. असे गेज बिघडले तर बहुधा शून्यच सोडते, म्हणजे इंजिन बंद असतानाही काटा थोडा वर किंवा खाली राहतो. हे दिसले की गेज बदलावे. काटा वाकवून शून्यावर आणू नये, कारण दाब मर्यादेबाहेर जाऊन नळी कायमची ताणली गेली असेल तर वरचे सर्वच आकडे अविश्वसनीय झालेले असतात.

गेजच्या नळीत हवा राहिली म्हणून दाब कमी दिसतो, असा एक समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. ही नळी एका टोकाला बंद असते. तिच्यातील हवा दाबली जाते आणि तोच दाब पुढे पोचवते. काटा जरा उशिरा हलतो, पण अखेरीस थांबतो तो योग्य आकड्यावरच. काटा फारच आळसावत असेल, तर कारण नळीच्या तोंडाशी साचलेला गाळ हे असते. नळी दोन्ही टोकांनी सोडवून तिच्यातून हवा फुंकावी, म्हणजे ती तुंबलेली आहे की नाही ते कळते. काटा फार वेगाने थरथरत असेल आणि तेलाची पातळी ठीक असेल, तर गेजच्या तोंडाशी बारीक छिद्राचे स्नबर बसवता येते. गेजच्या नळीत तेल वाहत नसल्याने हे छिद्र आकड्यावर परिणाम करत नाही. मात्र पंप हवा ओढत असताना स्नबर लावणे म्हणजे लक्षण झाकून ठेवणे होय.

विजेच्या गेजमध्ये सेंडर (ब्लॉकवर बसून दाब मोजणारा भाग) आपल्या आट्यांमार्फत ब्लॉकशी अर्थिंग साधतो. त्या आट्यांवर पांढऱ्या टेपचे भरपूर वेढे दिले की अर्थिंग कमकुवत होते आणि काटा मनमानी करू लागतो. सेंडरच्या अंगापासून बॅटरीच्या बॉडीवरील टोकापर्यंत जोडवायर तात्पुरती लावून पाहिली की हा दोष क्षणात उघड होतो. सेंडर आणि गेज एकाच कुळातले आहेत का, हेही पाहावे : काही सेंडर १० ते १८० ओहम या पट्ट्यात चालतात, तर काही २४० ते ३३ या उलट्या पट्ट्यात, अदलाबदल झाली तर दाब वाढताना काटा खाली जातो. अमेरिकी फोर्डच्या गाड्यांत १९५५ पर्यंत ६ व्होल्टची यंत्रणा होती आणि बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. त्या काळच्या अनेक फोर्ड गाड्यांतील गेज उष्णतेने वाकणाऱ्या द्विधातू पट्टीवर चालते, त्यामुळे सेंडरची वायर थेट बॉडीला टेकवून पाहण्याची सवयीची युक्ती तेथे वापरू नये. आतील तापतार जळू शकते.

या सर्व शंका एका झटक्यात मिटवणारा उपाय म्हणजे खात्रीचे दुसरे यांत्रिक गेज. ते डॅशबोर्डच्या गेजच्या जागी न लावता थेट ब्लॉकवर, गॅलरीच्या मोकळ्या भोकाला, टी (तीन तोंडांचे फिटिंग) किंवा एल्बो मध्ये न घालता लावावे. पुढील तपासणीसाठीही ते लागणारच आहे. या गेजवर दाब पुस्तिकेप्रमाणे निघाला, तर इंजिन निर्दोष आहे आणि दोष ब्लॉक ते डॅशबोर्ड या वाटेत आहे. माझ्या अनुभवात बहुतेक तक्रारी येथेच संपतात, आणि तरीही पुष्कळ लोक ही पायरी वगळून आधी संप उघडतात.

टी-फिटिंग आणि रेस्ट्रिक्टर

ब्लॉकवर दाबाचे एकच भोक उपलब्ध असले की तेथे टी बसवून एक फाटा गेजला आणि दुसरा फिल्टरला दिला जातो. ही जोडणी मुळात चुकीची नाही; तिचे भवितव्य रेस्ट्रिक्टर कोठे आहे यावर ठरते.

रेस्ट्रिक्टर टी च्या पुढे, फिल्टरच्या फाट्यावर असेल, तर सर्व ठीक आहे. तो टी च्या मागे, म्हणजे ब्लॉकमध्ये घुसणाऱ्या निपलमध्येच (आखूड आटेदार नळीतच) असेल, तर गेज रेस्ट्रिक्टरच्या पलीकडचा दाब दाखवते. तेथे उरतो तो फक्त फिल्टर आणि परतीची नळी यांच्या अडथळ्यामुळे साचणारा दाब. नव्या एलिमेंटमधून तेल सहज निघून जाते म्हणून काटा खाली राहतो. एलिमेंट गाळाने भरत गेला की अडथळा वाढतो आणि काटा वर चढतो. लक्षणांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या कोड्याचे उत्तर एवढेच आहे. यात इंजिनाला काही धोका नसतो, पण घाबरलेला मालक नवा एलिमेंट सदोष समजून परत करतो किंवा दाब "राखण्यासाठी" जुनाच एलिमेंट चालू ठेवतो.

तिसरी शक्यता ही की रेस्ट्रिक्टर कोठेच नाही. ही स्थिती मात्र खरोखर घातक आहे, कारण गॅलरीतील दाब प्रत्यक्षात पडलेला असतो. ती ओळखण्याची चाचणी अशी आहे. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, फिल्टरची फीड नळी ब्लॉकपाशी सोडवावी आणि त्या भोकाला योग्य आट्यांचा धातूचा प्लग लावावा. जुनी रबरी नळी पकडीने चिमटून ही चाचणी करू नये; आतला थर तुटून त्याचे तुकडे तेलात जातात. नंतर इंजिन पुन्हा तेवढेच तापवून, ब्लॉकवरील खात्रीच्या गेजने आयडलिंगचा दाब मोजावा. आधीच्या आणि आताच्या आकड्यात एक-दोन पीएसआयचाच फरक असेल, तर फिल्टरची वाट मर्यादेत आहे. दाब ठळकपणे वर गेला, तर रेस्ट्रिक्टर नाही किंवा त्याचे छिद्र कोणी तरी मोठे केले आहे.

छिद्र मोजण्यासाठी १.६ मिलिमीटरच्या ड्रिलची गुळगुळीत मागची बाजू पुरेशी असते. ती अडखळत किंवा हलकेच जाते, पण दोन मिलिमीटरचे ड्रिल जात नाही, असे असावे. छिद्र तुंबले असेल तर ते दाबाच्या हवेने आणि सॉल्व्हंटने साफ करावे. ड्रिल फिरवून "थोडे मोकळे" करू नये. नवा रेस्ट्रिक्टर हवा असेल तर पितळी आंधळ्या निपलमध्ये लेथवर मध्यभागी छिद्र पाडून घेणे हा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे.

रेस्ट्रिक्टर कोणत्या बाजूला आहे यावरून गळतीचे स्वरूपही ठरते. तो डब्याच्या प्रवेशाशी असेल तर डब्यात फारसा दाब राहत नाही आणि झाकणाचे साधे गॅस्केट वर्षानुवर्षे टिकते. अशा डब्याचे झाकण सतत झिरपत असेल, तर गॅस्केटच्या मागे न लागता परतीची नळी तुंबली किंवा दबली आहे का ते पाहावे. परतीची नळी फीड नळीपेक्षा बारीक नसावी आणि ती तेलाच्या पातळीच्या वर उघडावी. रेस्ट्रिक्टर डब्याच्या निर्गमाशी असेल, तर डबा आणि फीड नळी दोन्ही पूर्ण दाबाखाली असतात. तेथे फुटलेली नळी काही मिनिटांत संप रिकामा करू शकते, म्हणून अशा जोडणीत नळीच्या दर्जाबाबत तडजोड करू नये.

आत आणि बाहेर यांची अदलाबदल

बायपास डब्यात तेल सामान्यतः बाहेरच्या बाजूने शिरते आणि एलिमेंटमधून मधल्या नळीत येते. नळ्या उलट जोडल्या तर एलिमेंट आतून बाहेर फुगतो, फाटतो आणि साठलेला गाळ पुन्हा संपमध्ये जातो. दाबावर परिणाम दिसत नसल्याने ही चूक लक्षात यायला वेळ लागतो.

फुल-फ्लो फिल्टरचे स्वतंत्र हेड लावलेल्या इंजिनात हीच चूक इंजिन संपवू शकते. आट्यांवर बसणाऱ्या आजच्या फिल्टरमध्ये तेल कडेच्या छिद्रांतून आत येते आणि मधून बाहेर जाते. कडेच्या छिद्रांमागे रबरी पडदा असतो, जो तेलाला उलट दिशेने जाऊ देत नाही. नळ्या उलटल्या की हा पडदा वाट बंद करतो. त्यातच गेज फिल्टरच्या आधी जोडलेले असेल तर ते झकास दाब दाखवत राहते आणि बेअरिंगांपर्यंत तेल पोचत नसते. म्हणून अशा जोडणीनंतर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना गेज फिल्टरच्या पुढे आहे याची खात्री करावी आणि पंधरा सेकंदांत काटा उठला नाही तर इंजिन बंद करावे.

आटे, फ्लेअर आणि तडकणाऱ्या नळ्या

गळती कितीही आवळली तरी थांबत नसेल, तर आटे जुळत नाहीत असे गृहीत धरावे. अमेरिकी इंजिनांवर एनपीटी आणि ब्रिटिश इंजिनांवर बीएसपी या मानकाचे पाइप-आटे असतात. एक-अष्टमांश इंची मापात एनपीटीला इंचाला २७ आटे, तर बीएसपीला २८ आटे असतात. पाव इंची मापात हेच आकडे १८ आणि १९ असे आहेत. आट्याचा कोनही एकात ६० तर दुसऱ्यात ५५ अंशांचा असतो. फरक इतका सूक्ष्म आहे की चुकीचे फिटिंग दोन-तीन फेरे सहज जाते, मग आवळून बसते आणि आपल्याला काम झाले असे वाटते. त्यात एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे एम-१० फिटिंगही जवळपास त्याच अंगाचे असते. आटे मोजण्याची पट्टी वापरल्याशिवाय कोणतेही फिटिंग ब्लॉकमध्ये फिरवू नये. आणखी आवळल्याने गळती थांबत नाही. थांबते ती ब्लॉकची बीड तडकल्यावर, आणि तीही थोडाच वेळ, कारण मग तेल तड्यातून येते.

निमुळत्या आट्यांचे फिटिंग हाताने घट्ट झाल्यावर पान्याने साधारण दीड ते दोन फेरे पुरेसे असतात. सीलंट पेस्ट वापरावी आणि टोकाचे पहिले दोन आटे कोरडे ठेवावेत. टेपचा धागा सुटून रेस्ट्रिक्टरमध्ये अडकतो, म्हणून तेलाच्या वाटेवर टेप नकोच. फ्लेअरच्या आणि फेरूलच्या (नळीवर आवळल्या जाणाऱ्या कड्याच्या) जोडांवर काहीही लावू नये. तेथे गळती रोखण्याचे काम धातूवर धातू बसून होते, आटे केवळ दाबून धरतात. बँजो फिटिंगच्या (पोकळ बोल्टने बसणाऱ्या कडीसारख्या फिटिंगच्या) तांब्याच्या वॉशर पुन्हा वापरायच्या असतील, तर त्या लालसर होईपर्यंत तापवून गार कराव्यात, म्हणजे त्या मऊ होतात. फ्लेअरच्या कोनाकडेही लक्ष द्यावे : गाड्यांतील नेहमीचा फ्लेअर ४५ अंशांचा, तर विमानांच्या पद्धतीचा ३७ अंशांचा असतो, आणि हे दोन एकमेकांवर बसवले तर ते केवळ एका रेषेवर टेकतात.

नळी दर वेळी एकाच जागी तडकण्याचे कारण कंपन हे आहे. इंजिन आपल्या रबरी आधारांवर हलते, डॅशबोर्ड हलत नाही आणि मधली तांब्याची नळी सतत वाकून कडक व ठिसूळ होते. इंजिनाजवळ नळीला एक-दोन सैल वेटोळी द्यावीत, किंवा त्याहून चांगले म्हणजे ब्लॉकपासून फायरवॉलपर्यंत गरम तेलाला चालणारी लवचीक होज आणि पुढे धातूची नळी असे करावे. धातूची नळी फायरवॉलवर पट्टीने पक्की बांधावी आणि भोकात रबरी ग्रोमेट घालावे. प्लॅस्टिकची बारीक नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आसपास नेऊ नये; ती मऊ होऊन निसटते आणि तापलेल्या लोखंडावर तेलाची चिळकांडी उडून आग लागू शकते. पेट्रोलसाठीची साधी होजही येथे चालत नाही. गरम तेलाने ती आतून फुगते, आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या होजचा आतला सुटलेला पापुद्रा झडपेसारखा वाट बंद करतो.

रिलीफ व्हॉल्व्ह

वरील सर्व काही ठीक असूनही दाब कमी असेल, तर रिलीफ व्हॉल्व्हकडे वळावे. अनेक इंजिनांत तो बाहेरून एका मोठ्या नटाखाली मिळतो. नट काढताना स्प्रिंग, प्लंजर किंवा गोळी आणि असल्यास शिम (स्प्रिंगमागच्या पातळ चकत्या) कोणत्या क्रमाने निघतात ते टिपून ठेवावे. बसण्याच्या जागेवर कचरा अडकला असेल तर झडप अर्धवट उघडी राहते आणि दाब सर्वच वेगांत कमी दिसतो. साफ केल्यावर तो परत येतो. शिम वाढवून आयडलिंगचा दाब सुधारण्याचा प्रयत्न मात्र करू नये. आयडलिंगला निरोगी झडप बंदच असते, त्यामुळे शिमने वाढतो तो फक्त थंड इंजिनातील कमाल दाब, आणि त्याचा भार पंपाच्या गिअरवर व नव्या जोडांवर येतो.

येथे थांबावे

खात्रीचे गेज थेट गॅलरीवर आहे, फिल्टरचा फाटा प्लगने बंद आहे, तेल योग्य जाडीचे आणि पूर्ण तापलेले आहे, रिलीफ व्हॉल्व्ह स्वच्छ आहे, आणि तरीही आकडा पुस्तिकेच्या खाली आहे, तर कारण पंपाची झीज किंवा बेअरिंगांतील वाढलेली फट यांपैकी एक आहे. घरच्या साधनांनी यापुढे जाऊ नये. शेव्हरोले २१६ सारख्या इंजिनात रॉडची बेअरिंगे ओतीव बॅबिटची (मऊ मिश्रधातूची) असतात. त्यांची फट बसवणे किंवा ती नव्याने ओतून घेणे हे त्याच कामाच्या कारागिराचे काम आहे आणि असे कारागीर शोधायला वेळ लागतो, म्हणून तोवर गाडी चालवू नये.

ठोक्याचा आवाज येत असेल, काढलेल्या तेलात धातूची चकाकी दिसत असेल, ब्लॉकच्या भोकाभोवती बीडेला तडा गेला असेल, किंवा फिटिंग आत मोडून राहिले असेल, तर तपासण्या मध्येच सोडून व्यावसायिकाकडे जावे. मोडलेला तुकडा ड्रिलने काढताना लोखंडाचा कीस सरळ मुख्य गॅलरीत पडतो, आणि तो बाहेर काढण्यासाठी इंजिन पूर्ण उघडावे लागते. बायपास इंजिन फुल-फ्लो करण्यासाठी गॅलरी बंद करून ब्लॉकला नवी भोके पाडण्याचे कामही इंजिन उघडे असतानाच, मशीन शॉपमध्ये करून घ्यावे.

गाडी कारागिराकडे देताना वर लिहून ठेवलेले आकडे सोबत द्यावेत : तापलेल्या इंजिनातील आयडलिंगचा आणि मध्यम वेगाचा दाब, फिल्टरचा फाटा उघडा असताना आणि बंद असताना, आणि प्रत्येक आकडा कोणत्या गेजने व कोणत्या भोकावर घेतला ते. हे आकडे हाती असले की नळ्यांची सर्व तपासणी त्याला पुन्हा करावी लागत नाही आणि तो पंपापासून सुरुवात करू शकतो.